नजर पिकते, खुबा झिजतो

आइस हॉकीत बचावपटूचं अर्धं आयुष्य मागे मागे जाण्यात जातं. समोरून आक्रमक खेळाडू भरधाव येत असतो, पक म्हणजे रबराची टणक चकती त्याच्या स्टिकपाशी खेळत असते आणि बचावपटू त्याच्याकडे तोंड करून पाठीच्या दिशेने घसरत असतो. आपला गोल किती मागे राहिला, मैदानाभोवतीची फळी किती जवळ आली, हे त्याला वळून न पाहता कळावं लागतं. नाशिकमध्ये रोलर स्केटिंग शिकणारी पुष्कळ मुलं आहेत. सुट्टीच्या शिबिरात सरळ पळायला ती लवकर शिकतात, पण उलटं जायला शिकवलं की भलेभले धडपडतात. व्यावसायिक बचावपटू हेच काम वीस-वीस वर्षं करतो, तेही बर्फावर. ही कारकीर्द मला विज्ञानाच्या नजरेने फार मोलाची वाटते, कारण तिच्यात एकाच माणसाची दोन वयं एकमेकांविरुद्ध धावतात. अंदाज बांधणारी नजर उशिरा पिकते आणि तिला वाहून नेणारे सांधे लवकर झिजू लागतात.

आधी बर्फाचं बघू. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली गेला की आपल्याकडे बातमी होते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बर्फाचं तापमान उणे 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात. पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यात निर्यातीच्या द्राक्षांची शीतगृहं ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना रिंकची यंत्रणा परकी वाटणार नाही. अनेक रिंकमध्येही अमोनियावर चालणारे कॉम्प्रेसर असतात. फरक इतकाच की शीतगृहात हवा गार करतात, तर रिंकमध्ये खारं पाणी साध्या पाण्याच्या गोठणबिंदूच्या खाली नेऊन काँक्रीटखालच्या नळ्यांतून फिरवतात. मग काँक्रीटवर पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारत नेतात. तयार बर्फ जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा असतो.

हा बर्फ निसरडा का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 1886 मध्ये जॉन जोली याने सांगितलं की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो. पाठ्यपुस्तकांत हे उत्तर फार वर्षं राहिलं. पण बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांइतका दाब लागतो. त्यामुळे कडक थंडीतल्या घसरण्याचा हिशेब या उत्तराने लागत नाही. 1939 मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी घर्षणातून निघणाऱ्या उष्णतेकडे लक्ष वेधलं. त्याच्याही कितीतरी आधी, 1850 मध्ये, मायकेल फॅरडे म्हणाला होता की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा एक पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कोणी नसतं, म्हणून ते आतल्या रेणूंपेक्षा मोकळे हलतात. आज फॅरडेची कल्पना आणि घर्षणाची उष्णता या दोन्ही गोष्टी मिळून निसरडेपणाचं उत्तर देतात.

खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सरळ जाताना पोलादी पात्याला बर्फ जवळजवळ अडवतच नाही. मग वळायचं, थांबायचं कशाच्या जोरावर? पातं साधारण तीन मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने पन्हळ काढलेली असते. त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. धार तिरकी रुतली की बर्फ उलट रेटतो. उलटं जाताना बचावपटू आतल्या धारेने आळीपाळीने बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळं कापतो. प्रत्येक अर्धवर्तुळाचा रेटा त्याला मागे ढकलतो.

इथे त्याची खरी अडचण सुरू होते. उलटं जाण्याचा वेग सरळ जाण्याच्या वेगापेक्षा कमीच असतो. समजा, आक्रमक सेकंदाला 10 मीटर वेगाने येतोय आणि बचावपटू सेकंदाला 8 मीटरने मागे सरतोय. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या मैदानात दोन आडव्या निळ्या रेषा मैदानाचे तीन भाग करतात आणि त्यांच्यामधलं अंतर सुमारे 15 मीटर आहे. आक्रमक ते दीड सेकंदात पार करतो आणि तेवढ्यात दोघांमधलं अंतर तीन मीटरने घटतं. सुरुवातीला बचावपटूने दोनच मीटर अंतर राखलं असेल, तर बचावपटूच्या बाजूच्या निळ्या रेषेआधीच आक्रमक त्याला ओलांडून जाईल. आठ मीटर राखलं असेल, तर रेषेपाशी आक्रमकाला पाच मीटरचं मोकळं अंगण मिळेल आणि तो निवांत नेम धरेल. बचावपटूला हवं असतं ते साधारण स्टिकच्या टप्प्याएवढं अंतर, आणि तेही बरोबर निळ्या रेषेवर. पकच्या आधी आक्रमकाला ती रेषा ओलांडता येत नाही. म्हणून तिथे बचावपटूच्या बाजूने नियमही उभा असतो. हे गणित तो आकडे मांडून करत नाही. समोरच्याच्या पावलांचा वेग, खांद्याचा कल, आपल्या जोडीदाराची जागा, एवढं पाहून त्याने ते दीड सेकंदाच्या आत सोडवलेलं असतं.

दुसरं गणित कोनाचं. आइस हॉकीचा गोल 1.83 मीटर रुंद असतो. बरोबर समोर दहा मीटरवर उभं राहिलं तर तो साडेदहा अंशांच्या कोनात दिसतो. तेवढ्याच अंतरावर, पण मध्यरेषेपासून 60 अंश बाजूला गेलं, की हा कोन जवळपास निम्मा होतो. म्हणून चांगला बचावपटू पक हिसकावण्याच्या घाईत नसतो. तो स्वतः मध्याच्या बाजूला राहून समोरच्याला फळीकडे नेत राहतो. प्रेक्षकाला वाटतं, काहीच घडलं नाही. तेवढ्यात गोल अर्धा झालेला असतो.

आणि तरीही फटका येतो तेव्हा त्याच्या वाटेत उभं राहणं हेही त्याचंच काम. पकचं वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या लेदर बॉलच्या आसपासच. शोएब अख्तरने 2003 मध्ये टाकलेल्या सर्वांत वेगवान चेंडूचा वेग ताशी 161.3 किलोमीटर होता. स्लोव्हाकियाचा बचावपटू झ्देनो खारा याने 2012 मध्ये एनएचएलच्या कौशल्य स्पर्धेत मारलेल्या फटक्याचा वेग होता ताशी 175.1 किलोमीटर. या फटक्यात स्टिक आधी पकच्या थोडी मागे बर्फावर आपटते, धनुष्यासारखी वाकते आणि सुटताना साठवलेली ऊर्जा पकला देते. खाराच्या फटक्याची ऊर्जा दोनशे ज्यूलच्या घरात जाते. निळ्या रेषेपासून गोलरेषा साडेएकोणीस मीटरवर असते आणि या वेगाने पक तिथे 0.4 सेकंदात पोहोचते. मध्यावर उभ्या असलेल्या बचावपटूच्या वाट्याला 0.2 सेकंद येतात. डोळ्यांनी पाहून स्नायू हलायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे पक सुटल्यावर ठरवायचं म्हटलं तर उशीर झालेलाच असतो. फटका मारणाऱ्याचे हात आणि खांदे काय सांगतायत, ते आधीच वाचावं लागतं.

हे वाचन कसं होतं याचा अभ्यास कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जोन व्हिकर्स आणि स्टीफन मार्टेल यांनी केला आणि तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणारी उपकरणं लावून त्यांनी प्रत्यक्ष बर्फावर बचावाचे डाव खेळवले. अव्वल खेळाडूंची नजर सुरुवातीला भराभर ठिकाणं बदलत होती आणि शेवटी एका जागी जास्त वेळ स्थिरावत होती. कुठे पाहायचं नाही हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं, असं मी यातून समजतो.

असा अनुभव साचायला वर्षं लागतात. एनएचएलचे संघ अठरा वर्षांच्या आसपासची मुलं क्रमाने निवडतात. स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमचं नाव 1989 मध्ये 53व्या क्रमांकावर आलं, खाराचं 1996 मध्ये 56व्या. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक लिडस्ट्रॉमला पहिल्यांदा मिळाला तो 31व्या वर्षी. पुढे आणखी सहा वेळा मिळाला, शेवटचा 2011 मध्ये, 41व्या वर्षी. खाराला तो 32व्या वर्षी मिळाला. खारा 1,680 सामने खेळून थांबला आणि हा बचावपटूंमधला विक्रम आहे. 206 सेंटिमीटर उंचीमुळे खाराचा टप्पा लांब होताच. लिडस्ट्रॉमकडे तसं काही नव्हतं. तो चुकीच्या जागी फारसा सापडत नसे, एवढंच.

दमाचं थोडक्यात सांगतो. बर्फावरची एक पाळी साधारण पाऊण मिनिटाची असते, मग बाकावर विश्रांती. अव्वल बचावपटू साठ मिनिटांच्या सामन्यात पंचवीसच्या आसपास मिनिटं खेळतो. पाळीतली ऊर्जा बरीचशी ऑक्सिजनविना मिळवलेली असते. पण दोन पाळ्यांमधल्या विश्रांतीत शरीर किती सावरतं, हे फुप्फुसं आणि हृदयाच्या ताकदीवर ठरतं.

आता दुसरी बाजू. कॅनडाचा बॉबी ऑर विसाव्या वर्षी नॉरिस करंडकाचा मानकरी झाला आणि 1968 ते 1975 अशी सलग आठ वर्षं तो त्याच्याचकडे राहिला. लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान दोनदा पटकावणारा तो एकमेव बचावपटू. 1978 मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याला निवृत्त व्हावं लागलं. सामने फक्त 657. डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्या काळात गुडघ्यातली फाटलेली कूर्चेची गादी सर्रास काढून टाकत. ही गादी मांडीच्या हाडाचा भार नडगीच्या हाडावर पसरवते. ती गेली की तेवढाच भार लहान जागेवर पडतो आणि सांधा झिजत जातो. आज दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि शक्य तेवढी गादी वाचवतात. ऑरचा जन्म वीस वर्षांनी झाला असता तर, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

खुब्याचं दुखणं जास्त छुपं आहे, कारण त्याची सुरुवात बालपणात होते. स्केटिंगमध्ये खुबा सतत वाकलेला असतो आणि आत-बाहेर फिरत असतो. किशोरवयात, हाडांची वाढ चालू असताना, हा ताण वर्षानुवर्षं पडला तर मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यापाशी जास्तीचं हाड धरतं. मग खोबणीत डोकं नीट फिरत नाही आणि कडेची कूर्चा घासली जाते. त्याच वयाच्या स्कीइंग करणाऱ्या मुलांपेक्षा आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांत हा आकार जास्त आढळला आहे. ज्या वाकण्या-फिरण्याने खेळाडू घडतो, तेच त्याचं खुब्याचं हाडही घडवतं.

डोक्याला बसणारे धक्के ही तर सर्वांत दुःखद गोष्ट. स्टीव्ह मॉन्टाडोर हा एनएचएलचा बचावपटू 2015 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला. तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा आजार आढळला. वारंवारच्या धक्क्यांशी जोडलेल्या या आजारात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं आणि त्याचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. बेसावध खेळाडूच्या डोक्याला बाजूने धडक देण्यावर एनएचएलने 2010 मध्ये बंदी घातली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

नाशिकच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी यातलं काय घ्यावं? आपल्या जवळ बर्फ नाही. देशातली आइस हॉकी मुख्यतः लडाखची आणि तिथल्या मुलींच्या बळावर भारताच्या महिला संघाने 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. पण मुलं निवडण्याची घाई सगळीकडे सारखीच असते. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी 1980च्या दशकात दाखवलं की वरच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त होती. वयोगटाची मोजणी 1 जानेवारीपासून होत असल्याने ती आपल्या गटात थोरली असत, थोराड दिसत आणि तेच कौशल्य समजलं जाई. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरला. बारा वर्षांच्या वयोगटातल्या कुठल्याच निवडीत तो सापडला नसता.

स्केटिंग करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट मात्र आजच करता येईल. चाकांवरही पाय बाहेर फेकला जातो आणि मांडीच्या आतले स्नायू त्याला आवरून परत आणतात. एनएचएलच्या एका संघाच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या आतल्या स्नायूंची ताकद बाहेरच्या स्नायूंच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी होती, त्यांना जांघेची दुखापत होण्याची शक्यता 17 पट होती. मग अशा खेळाडूंना मोसमाआधी व्यायाम दिले. त्यांतला एक अगदी साधा आहे: पाठीवर झोपायचं, दोन गुडघ्यांमध्ये चेंडू धरायचा आणि दाबायचा. आधीच्या दोन मोसमांत त्या संघात अशा 11 दुखापती झाल्या होत्या, नंतरच्या दोन मोसमांत 3 झाल्या.