सीएच340 घरोघरी कसा पोचला

आर्डुइनो प्रो मिनीसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर यूएसबीचं सॉकेटच नसतं. कडेच्या सहा पिनांवर यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावूनच प्रोग्रॅम चढवावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तातला अडॅप्टर मागितला तर बऱ्याचदा सीएच340 या यूएसबी-सिरियल चिपवालाच हातात पडतो. किंमत हे एक कारण झालंच, पण 2014 चं प्रकरण विसरून चालणार नाही.

यूएसबी अडॅप्टर येण्याआधी यूव्ही दिव्याखाली पुसायच्या काचेच्या खिडकीवाल्या चिप होत्या, नंतर पॅरलल पोर्टाला जोडायच्या आयएसपी (चिप बोर्डावरच ठेवून प्रोग्रॅम चढवायच्या) केबल आल्या. लॅपटॉपवरचे जुने पोर्ट गेल्यावर ती जागा एफटीडीआय कंपनीच्या एफटी232 या यूएसबी-सिरियल चिपने घेतली. 2007 च्या आर्डुइनो डिएचिमिला बोर्डात डीटीआरची (सिरियल जोडणीतल्या एका नियंत्रण सिग्नलची) लाइन कपॅसिटरमार्गे रीसेटला जोडली गेली आणि प्रत्येक अपलोडआधी बटण दाबायची कटकट संपली.

एफटी232 चालली तशा तिच्या नकलाही निघाल्या, त्याही हुबेहूब. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोज अपडेटमधून मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर आला. तो चिपमधल्या ईईप्रॉम या मेमरीला असा आदेश द्यायचा, की अस्सल चिपवर त्याचा काही परिणाम होत नसे, पण नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी (संगणकाला तिची ओळख सांगणारा क्रमांक) शून्य होऊन बसे. मग ती विंडोजला सापडेना. नक्कल करणाऱ्यावर कंपनीचा राग असणं रास्तच. पण फटका बसला तो दुकानातून विश्वासाने अडॅप्टर घेतलेल्या माणसाला, कारण वरच्या छपाईवरून अस्सल-नकली ओळखणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतंच. परवान्याच्या मजकुरात इशारा दिला होता, हा कंपनीचा बचाव; अपडेट आपोआप उतरत असताना तो मजकूर वाचणार कोण? ओरड झाल्यावर काही दिवसांतच ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सच्या ड्रायव्हरने तर शून्य झालेला आयडीही आपल्या यादीत घेतला. 2016 च्या सुरुवातीला कंपनीने पुन्हा प्रयत्न केला: या वेळी चिप शाबूत राहायची, पण डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' असा मजकूर यायचा.

स्वस्त बोर्ड बनवणारे तोवर सीएच340 कडे वळू लागले होते. तिचा ड्रायव्हर सुरुवातीला हाताने टाकावा लागे, पण ती कुणाची नक्कल नव्हती. मात्र तिच्यावर बेतलेल्या सर्वांत स्वस्त अडॅप्टरांत डीटीआरची पिन बाहेर काढलेलीच नसते. असा अडॅप्टर प्रो मिनीला लावला, की अपलोड सुरू होताना रीसेटचं बटण नेमक्या क्षणी बोटाने दाबावं लागतं.