कॉइल लावली, तरी दूध का निवत नाही?

आमची स्टीलची कॉइल, म्हणजे तापलेल्या दुधाच्या कॅनमध्ये सोडायची, आतून गार पाणी वाहणारी वेटोळ्याची नळी, नेलेल्या दही-श्रीखंडवाल्यांचा फोन ठरलेला: "शेठ, तासभर पाणी सोडलंय, दूध अजून चटके देतंय." आमचा पहिला प्रश्न एकच, दूध ढवळताय का? बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही.

कॉइलला लागून असलेलं दूध झटकन निवतं आणि तिथंच बसून राहतं. बाकीचं कॅन तसंच कढत. खूण सांगतो: कॉइलमधून बाहेर पडणारं पाणी गार आणि दूध मात्र गरम, असं दिसलं तर नळ मोठा करू नका, ढवळायची मोठी पळी हातात घ्या. चार वेळा फिरवलंत की नळीतलं पाणी लगेच हाताला गरम लागतं. सतत ढवळायला माणूस नसेल तर निदान अधूनमधून कॉइलच वर-खाली करा. यासाठी कॉइल परत आणू नका, आम्हीही तुम्हाला हेच करून दाखवणार.

दुसरा घोळ बर्फाचा. 40 लिटर दूध 95 अंशांवरून 40 वर आणायला सुमारे 25 किलो बर्फ खर्ची पडतो. तेच काम बोअरचं पाणी करतं. विरजणाला 42-43 अंश पुरे, तिथं बर्फ हवाच कशाला? साठवणीचं दूध 4-5 अंशांवर न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. पाण्यापेक्षा दूध गार होत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत टाकीचं पाणीच कोमट असतं. तेव्हा आधी साधं पाणी, 40 च्या खाली बर्फ. नळाचं पाणी आधी गार करून मोठ्या कॉइलमध्ये सोडणारी, बर्फाच्या टबात ठेवायची छोटी कॉइल आमच्याकडे मिळते, जोडूनही देतो.

कॅन झाकून रात्रभर आपोआप निवू देणं मात्र सोडाच. काही जंतूंचे बीजाणू उकळूनही टिकतात आणि कोमट दुधात फोफावतात.

तांब्याची कॉइल का करत नाही, असंही विचारतात. तांबं उष्णता जास्त ओढतं, खरंय. पण त्याचा अंश दुधात उतरला की स्निग्धांश बिघडून चव जाते. म्हणून आम्ही 304 दर्जाचं स्टेनलेस स्टीलच वापरतो आणि नळी लांब देतो. किंमत थोडी जास्त दिसते ती त्यामुळे.

कॉइल दुधात सोडण्याआधी दहा मिनिटं पाण्यात उकळा. पाण्याची नळी कॉइलला जिथं क्लिपनं जोडलेली असते तो जोड कॅनच्या बाहेरच राहू द्या, गळला तरी थेंब दुधात पडायला नको. पहिलं पाणी चांगलंच कढत येतं, ते बादलीत धरून कॅन धुवायला वापरा. गळतीची शंका असेल तर कुपवाडच्या वर्कशॉपला कॉइल घेऊन या, तपासणी फुकट. रविवारी बंद.