अमेरिकेतील शेती अनुदान आणि काउंटीचा हिशेब

अमेरिकेत रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या, एकच पीक घेणाऱ्या दोन शेतांना संघीय सरकारकडून वेगवेगळे अनुदान मिळू शकते, आणि त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की मधून काउंटीची, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागाची, हद्द जाते. या व्यवस्थेची मुळे महामंदीच्या काळात आहेत.

शेतमालाचे भाव कोसळल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेती समायोजन कायद्यावर सही केली. पेरा कमी करणाऱ्याला मोबदला द्यायचा आणि तो पैसा शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवरील करातून उभा करायचा, अशी ती योजना होती. कापसाची पेरणी तोवर झालेली असल्याने सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकावे लागले. कोणाचा पेरा किती, हे वॉशिंग्टनमध्ये बसून ठरवणे अशक्य होते. म्हणून ते काम स्थानिक शेतकऱ्यांच्या काउंटी समित्यांकडे आले.

दक्षिणेतील कापूसपट्ट्यात याचे परिणाम फार कठोर झाले. करार जमीनमालकाशी होत असे आणि मोबदल्यातील कुळाचा हिस्सा मालकाने द्यावा अशी अपेक्षा होती. अनेकांनी तो दिला नाही. उलट पेरा घटला तशी माणसेही कमी लागू लागली आणि वाट्याने जमीन कसणारी कुटुंबे घराबाहेर काढली गेली. १९३४ मध्ये आर्कान्सातील टायरोन्झा येथे काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना उभारली, ती याच अन्यायातून. समित्यांवर बड्या जमीनदारांचे वजन असताना दाद मागायची तरी कोणाकडे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. काही आठवड्यांतच मृदसंधारणाच्या नावाने नवा कायदा आला आणि मोबदला चालू राहिला. १९७३ मध्ये लक्ष्य किंमत ठरवून बाजारभाव तिच्याखाली गेल्यास तूट भरून देण्याची पद्धत सुरू झाली. १९९६ च्या कायद्याने मोबदल्याची चालू पेरणीशी असलेली सांगड बरीचशी तोडली आणि पूर्वीच्या नोंदलेल्या क्षेत्रावर ठरावीक रक्कम सुरू केली. १९९८ पासून भाव पडताच काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) त्यावर तातडीची मदत जोडावी लागली.

२०१४ च्या कायद्याने ही ठरावीक थेट रक्कम बंद केली आणि शेतकऱ्यापुढे प्रामुख्याने दोन पर्याय ठेवले. एकात भाव ठरावीक पातळीखाली गेल्यास रक्कम मिळते. दुसऱ्यात संपूर्ण काउंटीचे त्या पिकाचे एकरी उत्पन्न (उतारा गुणिले भाव) तिच्या मागील वर्षांवरून ठरणाऱ्या आधारभूत उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांखाली (२०२४ च्या पिकापर्यंत ८६, २०२५ च्या पिकापासून ९०) गेले, तरच भरपाई मिळते. त्यामुळे एखाद्याचे पीक गारपिटीत गेले, पण काउंटीची सरासरी टिकली, तर या योजनेतून त्याच्या हाती काही येत नाही. दोन्ही पर्यायांत रक्कम ठरते ती शेतावर पूर्वी नोंदलेल्या पायाभूत एकरांवर, यंदा त्या पिकाचा पेरा किती आहे यावर नव्हे. हे पायाभूत एकर जमिनीला जोडलेले असल्याने, खंडाने कसणाऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाचा काही भाग वाढीव खंडाच्या रूपाने मालकाकडे जातो.