‘क्रायसिस’ अजूनही घाम का फोडतो?

‘यावर क्रायसिस चालेल का?’ गेमिंग पीसी जोडणाऱ्यांना हा प्रश्न पाठ असतो. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या क्रायटेक कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २००७ मध्ये आला, तेव्हाचं आघाडीचं ‘जीफोर्स ८८०० जीटीएक्स’ ग्राफिक्स कार्डही सगळी सेटिंग्ज चढवली की अडखळायचं.

पडद्यावर समुद्राकाठचं घनदाट जंगल. गोळी लागेल तिथेच झाडाचं खोड तुटतं, झोपडीचे पत्रे उडतात, पानांतून ऊन झिरपतं. दोन दगडांच्या खाचेतली अंधुक सावली नीट बघा. शेजारचे पिक्सेल किती खोलवर आहेत ते पाहून तिचा अंदाज बांधण्याची युक्ती याच गेमनं रुळवली आणि पुढे ती सगळीकडे पोचली. मला या गेमचं सर्वांत मोठं देणं हेच वाटतं.

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. कोणतं झाड कसं कोसळतंय आणि काय काय काढायचंय, हे प्रोसेसर ठरवतो. ग्राफिक्स कार्ड त्यानुसार रंग भरतं. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्याच चालीनं गेम चालतो.

खरी मेख प्रोसेसरमध्ये आहे. गिगाहर्ट्‌झचा आकडा वर्षागणिक वाढतच जाईल, असं आधी बरेच जण धरून चालले होते. पण इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरची गाडी ३.८ गिगाहर्ट्‌झवर थांबली. वेग वाढवावा तर वीज आणि उष्णता आवरेना. ४ गिगाहर्ट्‌झचा बेत इंटेलनं २००४ मध्येच सोडला, आणि कंपन्या एका चिपवर दोन, मग चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) बसवू लागल्या. क्रायसिसचं बहुतेक काम मात्र एकाच कोअरवर पडतं. त्यामुळे पुढे कार्डं कितीतरी पटींनी वेगवान झाली, तरी स्फोटांच्या गर्दीत गेम दम टाकतच राहिला. म्हणून नुसत्या ‘चालतो’ किंवा ‘चालत नाही’ यावरून कार्डाची पारख करू नये.

घरी पारखायचं तर एकाच दृश्यात रिझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) उतरवून पाहा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा) झपाट्यानं वाढला, तर कार्ड कमी पडत होतं. आकडा जागचा हलला नाही, तर बहुधा प्रोसेसर अडलाय. अशा वेळी महागडं कार्ड घेऊन पैसे वाया घालवू नका.