घराच्या किमतीत जमिनीचा वाटा किती?

बेळगावात घर महाग का, असे विचारले तर सिमेंट, सळई आणि मजुरी यांची नावे आधी निघतात. पण बांधकामाचा खर्च शहरातल्या टिळकवाडीत काय आणि शहराबाहेरच्या मच्छ्यात काय, फारसा बदलत नाही. खरा फरक जमिनीचा असतो, आणि कोणत्या जमिनीवर किती बांधायचे हे १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली तयार होणारा मास्टर प्लॅन, म्हणजे शहराचा विकास आराखडा, ठरवतो.

तीस बाय चाळीसचा, म्हणजे १२०० चौरस फुटांचा प्लॉट घेऊ आणि त्याची किंमत २४ लाख रुपये धरू. एफएआर, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १ असेल तर तेथे ६०० फुटांची दोनच घरे बसतात व प्रत्येकावर जमिनीचे १२ लाख चढतात. एफएआर २ झाला तर घरे चार होऊन हाच वाटा ६ लाखांवर येतो. हे झाले कागदावरचे गणित. वाढीव एफएआर मोजक्याच प्लॉटना मिळाला, तर जमीनमालक भाव वाढवून सगळा लाभ स्वतःच्या खिशात घालतो. तोच एफएआर पुष्कळ जमिनीला एकदम मिळाला, तरच विकणाऱ्यांत चढाओढ लागते. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर दाट बांधकामास मुभा दिली, आणि पुढील काही वर्षांत नव्या घरांचे परवाने तेथे दुपटीहून अधिक वाढले.

आपल्याकडे अडचण एफएआरच्याही आधी सुरू होते. शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वी १९६४ च्या भू-महसूल कायद्यानुसार ती एन.ए. म्हणजे बिगरशेती करून घ्यावी लागत आली आहे, मग लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या आराखड्याची, मंजुरी, आणि त्यात रस्ते, बाग व नागरी सुविधांसाठी जागा सोडणे आले. हे सगळे पार केलेला प्लॉट परवडत नाही, म्हणून हातावर पोट असलेला माणूस बाँड पेपरवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय, दोन गुंठे घेतो. त्याला बँकेचे कर्ज मिळत नाही, गटार आणि नळासाठी तो वर्षानुवर्षे खेटे घालतो, पण या घरांना बेकायदेशीर म्हणून मोकळे होणाऱ्यांनी कायदेशीर प्लॉट इतके थोडे का, हेही विचारायला हवे.

म्हणून सगळेच नियम काढावेत असे मुळीच नाही. पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या भातशिवारात पसरते. तेथे बांधकामास मनाई करणारा नियम घरांची संख्या घटवतो हे खरे, तरी तो हवाच. जुन्या वसाहतींतील रुंद रस्त्यांवर, जेथे पाणी आणि ड्रेनेजच्या वाहिन्या आधीच आहेत, तेथे मजले रोखणाऱ्या नियमाला मात्र असे सबळ कारण सापडत नाही. मजले वाढवायचे झाले, तर त्या जुन्या वाहिन्यांना वाढीव भार पेलेल का, हे तेवढे आधी मोजून घ्यावे लागेल.