इंजिन बंद पडलेले विमान का कोसळते?

उड्डाणानंतर लगेच एखादे हलके विमान कोसळल्याची बातमी आली, की ‘इंजिन बंद पडले आणि विमान दगडासारखे खाली आले’ असे सर्रास बोलले जाते. शिरपूरच्या धावपट्टीमुळे प्रशिक्षण विमाने रोज पाहणाऱ्या आपल्या खानदेशातही हा समज पक्का आहे. पण तो चुकीचा आहे. सेसना 172 सारखे विमान इंजिनाशिवायही तरंगत उतरू शकते आणि 150 मीटर उंचीवरून साधारण सव्वा किलोमीटर पुढे जाते.

घात होतो तो बहुधा धावपट्टीकडे मागे वळण्याच्या मोहाने. पंखाला मिळणारी लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलून धरणारे बल, हवेच्या वेगावर आणि पंख समोरच्या हवेला ज्या कोनात भिडतो त्या कोनावर अवलंबून असते. हा कोन सुमारे 15 अंशांपलीकडे गेला, की पंखावरील हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडतो आणि लिफ्ट एकाएकी घटते; यालाच स्टॉल म्हणतात. आता विमान वळणासाठी 45 अंश कलले, तर लिफ्टचा काही भाग वळवण्यात खर्च होतो आणि उंची टिकवायची असेल तर पंखांना वजनाच्या 1.41 पट लिफ्ट द्यावी लागते. त्यामुळे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यास स्टॉल होतो तो वेग, या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे 19 टक्क्यांनी वाढतो: सरळ उड्डाणात तो ताशी 90 किलोमीटर असेल, तर वळणात 107 होतो. कल 60 अंश झाला, तर 127. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून केलेले असते. मागे वळताच वारा पाठीशी येतो, जमीन भराभर मागे सरकते, वेग पुरेसा असल्याचा भास होतो आणि जमीन जवळ येताना पाहून हात आपोआप विमानाचे नाक वर ओढतो आणि पंखाचा कोन वाढतो. एक पंख आधी स्टॉल झाला, की विमान त्या बाजूला गिरकी घेते. ती सावरण्याइतकी उंची तेव्हा नसते.

अशा वेळी अमावास्येला किंवा ‘त्या जागेला’ दोष देणाऱ्यांनी हे वर्गमूळ एकदा स्वतः काढून पाहावे.

जळगावचा उन्हाळा यात भर घालतो. दाब तोच असताना 45 अंश सेल्सिअसची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 9 टक्के विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद, पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा आणि चढण्याचा वेग हे तिन्ही घटतात, आणि धावपट्टी संपते तेव्हा हाताशी उंची कमी असते. म्हणूनच अमुक उंचीखाली इंजिन गेले तर मागे न वळता समोरच्या मोकळ्या रानातच उतरायचे, हे वैमानिकाने धावपट्टीवर उभे असतानाच ठरवून ठेवायचे असते.