कमांड लाइनवरून डेटाबेसचा बॅकअप

चालू डेटाबेसमधली माहिती आणि तिची रचना टर्मिनलवर आज्ञा देऊन वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात याला 'डंप काढणे' म्हणतात. मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलडंप, पोस्टग्रेससाठी पीजी_डंप आणि मोंगोडीबीसाठी मोंगोडंप ही रुळलेली साधने आहेत. एसक्यूलाइटमध्ये त्याच्या शेलमधली 'डंप' किंवा 'बॅकअप' ही आज्ञा पुरते.

डेटाबेस म्हणजे शेवटी डिस्कवरच्या फाइलीच, मग त्याच कॉपी का करू नयेत, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. पण सर्व्हर चालू असताना काही बदल अजून मेमरीत असतात, काही डिस्कवर उतरलेले असतात. मोठी फाइल कॉपी व्हायला दहा मिनिटे लागली, तर तिचे पहिले पान दहा मिनिटे जुने आणि शेवटचे पान आत्ताचे असते. अशी कॉपी उघडेलच असे नाही. उघडलीच, तर आतली माहिती एकमेकींशी जुळेल याची खात्री नसते.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांचे डंपचे साधन वेगळ्या वाटेने जाते. ते सर्व्हरशी नेहमीच्या ग्राहक-प्रोग्रामसारखे बोलते आणि डेटाबेस पुन्हा उभा करायला लागणारी विधाने एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहून काढते. आधी टेबल तयार करणारे 'क्रिएट टेबल', मग ओळी भरणारा मजकूर. मायएसक्यूएलडंप त्यासाठी 'इन्सर्ट' वापरते, पीजी_डंप 'कॉपी' वापरते. ही साधी मजकूर-फाइल असल्यामुळे ती एडिटरमध्ये उघडून वाचता येते, दुसऱ्या मशीनवर किंवा सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत नेता येते. किंमत मोजावी लागते ती रिस्टोर करताना, म्हणजे डंपमधून डेटाबेस परत उभा करताना, कारण प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते आणि सगळे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) नव्याने बांधले जातात.

या पद्धतीचा गाभा आहे सुसंगतता. समजा, साधनाने 'ऑर्डर' हे टेबल आधी वाचले आणि 'ऑर्डरमधल्या वस्तू' हे टेबल पाच मिनिटांनी. मधल्या वेळात एक नवी ऑर्डर आली, तर डंपमध्ये तिच्या वस्तू दिसतील, पण ती ऑर्डरच नसेल. पीजी_डंप ही अडचण स्वतःच सोडवते. सुरुवातीच्या क्षणी डेटाबेस जसा होता तसाच तो शेवटपर्यंत पाहते, आणि इतरांचे वाचन-लेखन सुरू राहते. मायएसक्यूएलडंपला मात्र 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय सांगावा लागतो. तोही इनोडीबी (मायएसक्यूएलचा आजचा नेहमीचा साठवण-प्रकार) टेबलांपुरताच लागू पडतो, जुन्या मायआयसॅम टेबलांना त्याचा उपयोग नाही. डंप चालू असताना कोणी 'ऑल्टर टेबल' चालवले, तर इनोडीबीतही घोळ होतो. म्हणून टेबलांची रचना बदलण्याची कामे आणि बॅकअप यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात.

काय काय सुटते, हेही माहीत हवे. मायएसक्यूएलडंप ट्रिगर (टेबलात बदल होताच आपोआप चालणारा कोड) आपणहून घेते, पण स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारी कामे) घेत नाही. त्यांच्यासाठी 'रूटीन्स' आणि 'इव्हेंट्स' हे पर्याय द्यावे लागतात. पीजी_डंप एकाच डेटाबेसचा डंप काढते. सर्व्हरवरचे वापरकर्ते त्यात येत नाहीत, ते पीजी_डंपऑलने वेगळे काढावे लागतात. ही उणीव रोज जाणवत नाही. नव्या सर्व्हरवर सगळा डेटा परत आला आणि लॉगिन करायला वापरकर्ताच नाही, तेव्हा ती समोर येते.

डंप सहसा जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्राममधून दाबून साठवतात: डावीकडे डंपचे साधन, मध्ये पाइप (एकाचा मजकूर दुसऱ्याकडे नेणारी उभी रेघ), उजवीकडे जीझिप. या साध्या ओळीत एक मोठा धोका आहे. बॅश या शेलमध्ये पाइपच्या ओळीचा निकाल म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या प्रोग्रामचा निकाल. पासवर्ड चुकल्यामुळे डंप निघालाच नाही, तरी जीझिप रिकामा मजकूर इमानाने दाबते आणि काम यशस्वी झाल्याचे कळवते. फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल असते, तिचा आकार 20 बाइट. स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' चालू केले, तर हे अपयश लपत नाही. फाइलच्या शेवटच्या ओळीही पाहाव्यात. मायएसक्यूएलडंप काम पूर्ण झाल्यावर 'डंप कम्प्लीटेड' अशी टीप लिहिते, पीजी_डंपच्या मजकूर-फाइलीतही तशीच टीप असते. ती ओळ नसेल, तर डंप अर्ध्यात तुटला आहे.

रोजचा डंप क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवला जातो. तिथे नेहमी अडकवणारी गोष्ट म्हणजे टक्क्याचे चिन्ह. फाइलच्या नावात तारीख घालताना ते लागते, पण क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीत) त्याचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो. त्यामुळे टर्मिनलवर नीट चालणारी आज्ञा रात्री मधोमध तुटते. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी. पासवर्ड आज्ञेत लिहू नये, तो शेलच्या इतिहासात राहतो. त्यासाठी मायएसक्यूएलची पर्याय-फाइल किंवा पोस्टग्रेसची पीजीपास फाइल आहे. पीजीपास फाइल मालकाशिवाय इतरांना वाचता येत असेल, तर लिनक्सवर पोस्टग्रेसची साधने ती विचारातच घेत नाहीत.

अशा चुका एकत्र कशा येतात, हे गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेने 31 जानेवारी 2017 च्या घटनेनंतर स्वतःच मोकळेपणाने जाहीर केले. दुय्यम सर्व्हरचे डेटा-फोल्डर रिकामे करायचे होते, पण आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम 4.5 जीबी उरले. पीजी_डंपचे बॅकअप शोधले, तर ते निघतच नव्हते. सर्व्हर पोस्टग्रेस 9.6 चा होता आणि साधन 9.2 चे, आणि आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरचा डंप काढायला पीजी_डंप नकार देते. नकाराचे ईमेल जात होते, पण मेल-सर्व्हर ते परतवत होता. कामी आला तो योगायोगाने सहा तास आधी काढलेला डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची डिस्कची प्रत). मधल्या सहा तासांतला डेटाबेसचा डेटा गेला.

म्हणूनच डंपची खरी तपासणी रिस्टोरनेच होते. तो वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरावा, मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजाव्यात, सर्वांत ताजी नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे आणि एकूण लागलेला वेळ लिहून ठेवावा. पीजी_डंपच्या 'कस्टम' प्रकारच्या फाइलीतून पीजी_रिस्टोर एखादे टेबलही वेगळे काढून देते. एखादेच टेबल परत हवे असणाऱ्यांनी हाच प्रकार निवडावा.

डेटाबेस शेकडो जीबींचा झाला, की भरायला लागणारा वेळ परवडत नाही. मग पीजी_बेसबॅकअपसारखी, फाइलीच पण सुसंगतपणे उचलणारी साधने वापरतात. रात्रीच्या डंपनंतर दिवसभरात झालेले बदल मात्र कोणत्याही डंपमध्ये नसतात. मायएसक्यूएलमध्ये ते बायनरी लॉग या बदलांच्या नोंदवहीत लिहिले जातात. डंप काढताना लॉगमधली जागा लिहून घेतली असेल, तर आधी डंप भरायचा, मग तिथून पुढचा लॉग मायएसक्यूएलबिनलॉग या साधनाने चालवायचा आणि चुकून दिलेल्या 'ड्रॉप टेबल' या टेबल पुसणाऱ्या आज्ञेच्या बरोबर आधी थांबायचे.